सर्जेरावची काचेच्या छताची गाडी

मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकून मी बारामतीतल्या एका दुकानाच्या पायरीवर उभा होतो, तेवढ्यात शालनवहिनींचा, म्हणजे सर्जेरावच्या बायकोचा, फोन आला. त्या फोनवर कधी फार बोलत नाहीत. "भावजी, ह्यांचं संपलं. सकाळी च्या घेतला, कप खाली ठिवला आन् बसल्या जागीच..." एवढं म्हणून त्यांनी फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. मी पायरीवरच बसलो. आतून दुकानदार सांगत होता, भांड्याचं बुश गेलंय, मंगळवारी या. मी मान हलवत राहिलो. मनात आलेला पहिला विचार सांगायला आज थोडी लाज वाटते. सर्जेराव इथं असता, तर हे भांडं त्यानं इथंच काउंटरवर उघडायला लावलं असतं आणि बुश कुठल्या बाजूनं झिजलंय ते बघितल्याशिवाय हलला नसता.

दहाव्याला डाळजला धरणाच्या पाण्याच्या काठी बरीच माणसं जमली होती. आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात. एका तरुण कार्यकर्त्यानं माईक हातात घेतला आणि सांगितलं, "अंथरुणाला खिळलेल्या बापाला आभाळ दिसावं म्हणून ज्या लेकानं काचेच्या छताची गाडी विकत घेतली, तो हा श्रावणबाळ." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी शालनवहिनींकडे पाहिलं, त्या माझ्याकडे बघत होत्या. गाडी घेतली त्या दिवशी सर्जेरावबरोबर मी होतो, आणि घरी पोचल्यावर काय झालं ते वहिनींना पुरतं ठाऊक होतं. तिथं उठून काही बोलणं बरं दिसलं नसतं. पण सर्जेराव स्वतः तिथं असता, तर त्यानं त्या पोराला बाजूला घेऊन नक्की सांगितलं असतं, "तसं न्हवतं ते." म्हणून हे लिहितो आहे.

त्याची माझी ओळख भिगवणच्या शाळेत झाली. तो तिसरीत एकदम आला, अर्धं वर्ष सरल्यावर. त्याच्या घरी मेंढरं होती. दिवाळी झाली की आई-वडील घोड्यावर बिऱ्हाड लादून कळपाबरोबर कोकणच्या वाटेला लागायचे, ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. दहा वर्षांचा होईपर्यंत हा त्यांच्यामागून चालला. मग आईनं हट्ट धरून त्याला डाळजला मावशीकडे ठेवला. वर्गात तो अक्षरं गिरवायच्या आधी पाटीच्या लाकडी चौकटीचे सांधे कसे बसवलेत ते बघत बसे. पुढे मी फिजिक्स शिकवायला बारामतीच्या कॉलेजात लागलो. तो वायरमनचा कोर्स करून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. काही वर्षांनी नोकरी सोडून त्यानं इंदापुरात मोटर रिवाइंडिंगचं स्वतःचं दुकान टाकलं. त्या सुमारास आई गेली होती आणि वडिलांनी, म्हणजे आबांनी, शेवटची मेंढरं विकून डाळजच्या तुकड्यात ऊस लावला होता.

त्याच्या दुकानात बसणं हा माझा रविवारचा कार्यक्रम असे. जळलेल्या पाणबुडी मोटरी, तांब्याच्या तारेची बंडलं, वॉर्निशचा वास. गिऱ्हाइकाला मोटर कधी मिळणार याची घाई, आणि सर्जेरावला ती का जळली याची उत्सुकता. कुणी म्हणालं, "अहो, व्होल्टेज कमी, त्यात काय बघायचं?" तर तो म्हणे, "शेजारच्याची त्याच व्होल्टेजवर चालती की. तुमचीच का?" आणि खरोखर त्या माणसाच्या विहिरीवर जाऊन वायर कुठून कुठं गेलीय ते बघून येई. त्याचे वेगळे पैसे घेतल्याचं मला आठवत नाही. मी पुस्तकातून जे शिकवत होतो ते हा माणूस बोटांनी ओळखत होता, आणि त्याला न कळलेली गोष्ट सांगताना त्याच्या चेहऱ्यावर मला नेहमी आनंदच दिसे. "मास्तर, हे काय मला उमजंना बघा," असं तो गोड बातमी सांगावी तसं सांगायचा.

गाडीची सुरुवात अशाच एका मोटरीपासून झाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. भिगवणजवळ पाण्याच्या काठाला पुण्याच्या एका निवृत्त कॅप्टनसाहेबांची थोडी शेती होती. हे गृहस्थ व्यापारी जहाजांवर आयुष्य काढून पुण्यात स्थायिक झालेले. त्यांचा पंप सर्जेरावकडे दुरुस्तीला आला होता. पंप न्यायला आले तेव्हा त्यांनी खिशातून हातरुमालाची एक पुरचुंडी काढली आणि टेबलावर ठेवली. आत लिंबाएवढी एक मोटर होती. म्हणाले, "ही पुण्यात कुणी भरून देत नाही. बदला म्हणतात. पण बदलायला मिळत नाही."

सर्जेरावनं ती उचलून कानाशी नेली, हलवली. "एवढीशी मोटर कशाला लागती, साहेब?"

"गाडीच्या छताला काच आहे. ती सरकते हिच्यावर."

"छताला काच? आन् सरकून जाती कुठं?"

कॅप्टनसाहेब म्हणाले, "आत जाते."

"आत म्हंजे कुठं आत? छताला जाडी किती असती?"

कॅप्टनसाहेबांनी खांदे उडवले. ते पंप घेऊन गेले. मोटर राहिली. पुढचे तीन रविवार आम्ही त्या मोटरीवर काढले. केसासारखी बारीक तार कुठून तरी मागवली. जुने वेढे सोडवताना तो एकेक मोजत होता आणि मी वहीत लिहीत होतो. मध्येच तार तुटली की शांतपणे म्हणे, "पुन्यांदा." त्याचे हात उसाच्या कांड्यासारखे, आणि त्या हातांत ते एवढंसं काम... भिंग लावून शेवटचा टाका दिला आणि बॅटरीला जोडल्यावर ती माशीसारखी गुणगुणली, तेव्हा तो खूष झाला, पण समाधान काही झालं नाही. "मास्तर, पुण्याला जाऊन बसवायची आपणच. काच कुठं जाती ते बघितल्याबगर मला चैन न्हाय."

म्हणून आम्ही त्याच्या जीपमधून पुण्याला गेलो. कॅप्टनसाहेबांच्या बंगल्याच्या मागं आंब्याखाली ताडपत्री टाकून ती गाडी उभी होती. परदेशातून येताना त्यांनी आणलेली. दोन दरवाजांची, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, लाल. रंग उन्हानं थोडा विटला होता आणि एका चाकात हवा नव्हती. अशी गाडी मी तोवर फक्त पोरांच्या वह्यांच्या कव्हरावर पाहिली होती. सर्जेरावनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो सरळ आत शिरला आणि सीटवर उताणा पडून छताचं अस्तर उतरवायला लागला. तासाभरानं मोटर बसली. कॅप्टनसाहेबांनी बटण दाबलं. धुरकट काच आधी मागच्या कडेनं जराशी खाली बसली आणि मग आवाज न करता मागं सरकत छताच्या पोटात नाहीशी झाली. वर आंब्याची फांदी दिसायला लागली. कॅप्टनसाहेबांनी ती बंद करून पुन्हा एकदा उघडली. त्यांच्या पत्नी गेल्यापासून ती काच उघडली नव्हती, हे आम्हाला चहा पिताना कळलं. त्यांना आता गाडी ठेवायची नव्हती, पण ज्यांनी मागितली त्यांना द्यावीशीही वाटत नव्हती.

"तुम्ही घेता?" त्यांनी एकाएकी विचारलं. मला वाटलं चेष्टा करताहेत.

सर्जेराव म्हणाला, "घेतो."

"काय करणार तिचं? तुमच्या रस्त्यांवर ही चालायची नाही."

"काच कुठं जाती ते कळलं. पर पावसाचं पाणी कुठं जातं ते न्हाय कळलं. फटीतनं आत तर येनारच, मग मानसाच्या डोक्यावर कसं पडत न्हाय? त्येला मला थोडे दिवस लागतील."

कॅप्टनसाहेब इतके हसले की त्यांना खोकला आला. सौदा जमला. सर्जेरावनं जीप विकली, आणि घरावर स्लॅब टाकण्यासाठी बाजूला ठेवलेलं जे होतं तेही त्यात घातलं. मी त्याला दोन वेळा थांबवायचा प्रयत्न केला, तिसऱ्या वेळी केला नाही. खरं सांगायचं तर मलाही ते पाणी कुठं जातं हे जाणून घ्यायचं होतं.

आठवड्यानं गाडी घेऊन आम्ही डाळजला आलो. सोलापूर रस्त्यावर ट्रकवाले खिडकीतून वाकून खाली बघत होते. त्यांना आमची डोकी वरून दिसत असणार. घराच्या वळणावर गाडीचं पोट दगडाला घासलं, तो आवाज ऐकून शालनवहिनी बाहेर आल्या. त्यांना जीप विकल्याचं माहीत होतं. तिच्या बदल्यात काय येणार ते माहीत नव्हतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. सर्जेरावनं कौतुकानं काच उघडून दाखवली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "घराला पत्रा आन् गाडीला काच." मग आत निघून गेल्या. पुढं चार दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्याला वाढायच्या, पण बोलायच्या आबांशी. आबांची कमर घसरून पडल्यामुळे मोडली होती आणि ते पुढच्या खोलीत पत्र्याखाली अंथरुणावर पडून असायचे. आबाही तसे कमी बोलायचे. त्यामुळं त्या घरात त्या चार दिवसांत फारच शांतता होती.

पाचव्या दिवशी, रविवारी, मी गेलो तर अंगणात वेगळंच चाललेलं. पावसाला अवकाश होता आणि सर्जेरावला तेवढा दम नव्हता. त्यानं विहिरीवरच्या मोटरीला पाइप जोडून तो अंगणापर्यंत आणला होता. स्वतः गाडीत उताणा पडून, हातात टॉर्च धरून तो आतून ओरडत होता, "सोडा पाणी!" आणि पाइप धरून उभ्या होत्या वहिनी. त्यांनी सगळा राग त्या धारेत घालून पाणी गाडीवर मारलं. दहा मिनिटं. आत एक थेंब नाही. पाणी काचेच्या कडेच्या पन्हाळीत उतरत होतं, तिथून चार कोपऱ्यांतल्या चार बारीक नळ्यांतून खांबांच्या आत जात होतं आणि चाकांजवळून खाली पडत होतं. सर्जेराव बाहेर येऊन चाकांपाशी पालथा पडला आणि त्या चार धारा बघून लहान पोरासारखा हसला. "मास्तर, खांब पोकळ हाय! आमी आपला भरीव समजत हुतो."

वहिनींनी पाइप माझ्या हातात दिला. "मला बी बघू द्या आतनं," म्हणाल्या आणि पदर खोचून आत जाऊन बसल्या. मी पाणी सोडलं. त्या मान वर करून काचेवरून वाहणारं पाणी बघत राहिल्या. सर्जेराव मला खूण करत होता, सोड, अजून सोड. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. पर आबास्नी आता दवाखान्यात कशात न्यायचं ते सांगा. ह्या खेळण्यात?"

हा प्रश्न मात्र खरा होता. आबांना महिन्यातून एकदा बारामतीला हाडांच्या डॉक्टरकडे न्यावं लागे. जीपच्या मागच्या फळीवर गादी घालून नेत. त्यांना बसता येत नव्हतं, बसलं की कळ यायची. आता जीप नव्हती आणि दुसऱ्याची गाडी मागायला सर्जेराव तयार नव्हता. त्यानं पुढची सीट मागं पाडून बघितली. ती जवळजवळ आडवी झाली. "ही तर खाटंवानी हाय," तो म्हणाला. अशा रीतीनं आबा त्या गाडीत आले. बापाला आभाळ दाखवायचा बेत कुणाच्याही डोक्यात नव्हता, दुसरं वाहनच नव्हतं.

थंडीचे दिवस होते. आम्ही दोघांनी उचलून आबांना सीटवर निजवलं. पागोटं काढून त्यांनी पोटावर ठेवलं. मी सर्जेरावच्या मागं, गुडघे हनुवटीला लावून कसाबसा बसलो होतो. आबांचं डोकं माझ्या गुडघ्याशी होतं आणि त्यांच्या बरोबर वर ती काच. भिगवणवरून बारामतीच्या रस्त्याला लागलो. आबा डोळे मिटून होते. सावल्या चेहऱ्यावरून जायला लागल्या तसे त्यांनी डोळे उघडले. थोड्या वेळानं म्हणाले, "चिंच."

सर्जेराव म्हणाला, "काय पायजे, आबा?"

"काय नगं. ओढ्याची चिंच गेली. आता उतार लागंल."

उतार लागला. सर्जेरावनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांना रस्ता दिसतच नव्हता. झाडांचे शेंडे आणि आभाळ, एवढंच दिसत होतं. थोडं पुढं गेल्यावर आबा म्हणाले, "ह्या दोन लिंबांच्या मदनं वाट हाय पान्याकडं." उजवीकडं दोन लिंब आणि मधून खाली उतरलेली पाऊलवाट. आता सर्जेराव सर्जेरावच तो. त्यानं काचेखालचं सरकतं झाकण ओढून घेतलं, आबांच्या वर सगळं बंद केलं आणि दोन-तीन मैल गाडी तशीच नेली. मग झाकण उघडून विचारलं, "आता सांगा, कुठं आलो?"

आबा क्षणभर बघत राहिले. "बाभळी... न्हाय, हिवर. हिवराच्या म्होरं विहीर हाय दगडाची." विहीर होती. असं चार वेळा झालं. एकदाच चुकले. "हितं वड पायजे," म्हणाले. वड नव्हता. गाडी थांबवून सर्जेरावनं रस्त्याकडेच्या चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, वड होता, दोन वर्षांमागं पडला. सर्जेराव परत येऊन बसला, पण गाडी सुरू केली नाही. मग म्हणाला, "आबा, तुमी चालताना खाली बघायचा का वर?"

"चालताना मेंढराकडं," आबा म्हणाले. "पर मुक्कामाला उतानं पडल्यावर काय बघनार? चाळीस वर्सं ह्येंच्याखाली निजलोय. मानसांची तोंडं इसरलो मी. ही न्हाय इसरत."

बारामतीत डॉक्टरांनी सांगितलं, हाड आता जुळायचं नाही, वयही झालं, दुखू नये एवढं बघा. आबांनी ते ऐकलं. परत गाडीत निजवल्यावर सर्जेराव घराकडं वळवायला लागला, तर म्हणाले, "म्होरं घे. मोरगावच्या अंगाला." सर्जेरावनं कारण विचारलं नाही. याचं मला आजही नवल वाटतं, कारण त्यानं न विचारलेली ती मला माहीत असलेली एकच गोष्ट आहे. दुपार कलत होती. आबा आता झाडांची नावं घेत नव्हते, फक्त बघत होते. बऱ्याच अंतरावर, एका उघड्या माळाच्या कडेला, ते म्हणाले, "हितं. काच उघड."

रस्त्याच्या कडेला नांद्रुकीचं जुनं झाड होतं. वडासारखंच, पण पारंब्या नसलेलं. त्याची एक फांदी रस्त्यावर आडवी गेली होती आणि गाडी बरोबर तिच्या खाली उभी होती. काच मागं गेली. पानांचा आवाज आत आला.

"हितं तुजी थोरली बहीन हाय, सर्जा," आबा म्हणाले.

दोन दरवाजांच्या गाडीत मागं बसलेल्या माणसाला उठून बाहेर जाता येत नाही. मला त्या क्षणी जावंसं वाटत होतं. सर्जेराव आबांकडे वळला होता. मला त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"कोन बहीन?"

"तुज्या आदीची. वाटंत झाली. नवव्या दिशी ताप भरला आन् गेली. हितंच ठिवली. दुसऱ्या दिशी उजाडायला निघालो. मेंढरं थांबत न्हाईत." आबा वर फांदीकडं बघत होते. "तुजी आय मागं वळून बघत न्हवती. पर पुढल्या वर्सापासनं हितं दोन मुक्काम करायला लावायची. बाकीची बोंबलायची, हितं चारा न्हाय, पानी लांब, हितं कशापायी थांबता? ती म्हनायची, माजं पाय दुकत्यात."

सर्जेराव हळूच म्हणाला, "हितं मी खेळलोय. ही फांदी... ह्या फांदीला आयनं झोळी बांदली हुती माझी."

"व्हय. तिच्या उशाला खेळलायस तू."

एक बैलगाडी शेजारून गेली, गाडीवान आमच्याकडे बघत बघत पुढं गेला. सर्जेरावनं विचारलं, "नाव काय हुतं?"

"बारसं हुयाच्या आदीच..." आबा म्हणाले.

तो उतरला. झाडाच्या बुंध्याला एक फेरी मारली, खाली बसला, हातानं माती सारखी केली. मला वाटलं, आता हा काही शोधणार, उकरणार. सगळ्या गोष्टी उघडून बघणारा माणूस. पण तो नुसता बसून राहिला. मी आणि आबा गाडीत, वर उघडं छत. आबांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं ओघळत होतं आणि ते पुसायला हात उचलत नव्हते. मी माझा रुमाल काढला, पण पुसायचं धाडस मलाही झालं नाही. रुमाल त्यांच्या छातीवर ठेवला. परत येताना काच घरापर्यंत उघडीच होती. थंडी वाजत होती, पण बंद कर असं कुणी म्हटलं नाही.

पुढं ते बापलेक बऱ्याचदा गेले, कधी नांद्रुकीपर्यंत, कधी त्याही पुढं जेजुरीच्या अंगाला. वहिनी बरोबर असल्या की मागं त्या बसत आणि मला सुट्टी मिळे. आबा त्या गाडीत एवढं बोलू लागले की घरी आल्यावर थकून झोपत. पुढल्या वर्षी ते गेले. त्यानंतर एकदा मी सर्जेरावला विचारलं होतं, "गाडी घेतानाच तुझ्या मनात आबा होते का रे?" तो मोटरीवर वाकला होता, तसाच म्हणाला, "न्हाय बा. खोटं कशाला सांगू? मला ती काच कशी सरकती ते बघायचं हुतं." मग थोडं थांबून, "पर मास्तर, मला ह्ये उमजत न्हाय. ते मला एवढी वर्सं का न्हाय बोललं? मी इचारलं असतं तर सांगितलं असतं का? मी जगातल्या समद्या मोटरी उघडल्या आन् बापाला कदी इचारलं न्हाय." या वेळी तो हे आनंदानं सांगत नव्हता.

गाडी आणखी दोन-तीन वर्षं टिकली. गतिरोधकांनी तिचं पोट फाडलं, सुटे भाग मिळेनात. दशक संपता संपता पुण्याचा एक शौकीन माणूस ट्रक घेऊन आला आणि ती घेऊन गेला. नेण्यापूर्वी सर्जेरावनं त्याला तासभर थांबवून चारही नळ्या कुठून कुठं जातात ते दाखवलं, दर पावसाळ्याआधी तारेनं साफ करायला बजावलं. त्यानंतर घरावर स्लॅब पडला. वहिनींनी वास्तुशांतीला मला मुद्दाम बोलावलं होतं. पुढं रस्ता रुंद झाला, तेव्हा नांद्रुकीचं झाड गेलं. सर्जेराव मोटारसायकलवर जाऊन बघून आला आणि म्हणाला, "झाड गेलं. जागा हाय." त्यानं तिथं दगड उभा केला नाही, शेंदूर लावला नाही. ती जागा त्याला आणि वहिनींना ठाऊक होती.

एक बदल मात्र झाला, आणि तो मी तीस वर्षं जवळून पाहिला. त्या दुपारपर्यंत सर्जेराव सगळीकडं स्वतःला एकुलता एक सांगायचा. शाळेत, नोकरीच्या अर्जात, लग्नाच्या बैठकीत. त्यानंतर कुणी विचारलं, किती भावंडं तुम्ही, की तो चटकन म्हणे, "आमी दोघं." समोरचा पुढं विचारी, भाऊ कुठं असतो? तर म्हणे, "बहीन. थोरली. लहानपनी गेली." यात दुःख दाखवायचा आव नसे. दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या मुलीला त्यानं हे सांगितलेलं आहे, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही सांगितलेलं आहे. मला आधी अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर सवय झाली.

मागच्या आठवड्यात वारस नोंदीचं प्रतिज्ञापत्र करायला शालनवहिनींबरोबर मी इंदापूरला गेलो होतो. तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला टायपिस्ट एकेक प्रश्न विचारून मजकूर तयार करत होता. मयताचं पूर्ण नाव, वय, राहणार. वहिनी सावकाश सांगत होत्या.

"मयताला भाऊ, बहीन?"

"एक बहीन," वहिनी म्हणाल्या.

"हयात?"

"न्हाय. नऊ दिवसांची हुती, तवाच गेली."

टायपिस्टनं की-बोर्डवरचे हात उचलले. "मग लिवायची गरज न्हाय, मावशी. तिचा कायद्यानं काय संबंध येत न्हाय."

"गरज न्हाय ते मला बी कळतं," वहिनी म्हणाल्या. "तुमी इचारलं, मी सांगितलं."

तो बरा माणूस होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. मागं रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजत होता, तो थांबेपर्यंत थांबला आणि मग हात पुन्हा की-बोर्डवर ठेवून त्यानं विचारलं, "मयत थोरले का धाकटे?"

"धाकटे," वहिनी म्हणाल्या.